भंडारा उचलला नाही त्या सकाळी

आमच्या वस्तीवर खरं-खोटं ठरवायची एक रीत होती. देवळासमोर पितळेचं ताट ठेवायचं, त्यात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. ज्याच्यावर आळ आला असेल त्याने बेल आणि भंडारा हातात उचलून सगळ्यांदेखत सांगायचं, मी हे केलं नाही. खोटं बोलून बेल-भंडारा उचलणाऱ्याचं घर बसतं, असं सगळे मानत. म्हणून एकदा उचलला की पुन्हा कुणी काही विचारत नसे. लहानपणापासून मी ही रीत पाहत आलो. तिची भीती वाटायची ती खोटं बोलणाऱ्याला. नव्वद सालानंतर एका वर्षी तिची भीती मला वाटली, आणि मी खोटं बोलत नव्हतो.

वडगाव निंबाळकर आणि कोऱ्हाळे यांच्या मधल्या एका वस्तीवर आमचं घर. आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी ती विकली आणि कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला. मी उसाबरोबर वस्तीवरच्या छोट्या डेअरीचं काम बघायचो. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, नमुना काढायचा, मशीनवर फॅट बघायची आणि वहीत लावायची; दुधाचा भाव तिच्यावर ठरायचा. आकड्यांची मला पहिल्यापासून आवड. सहा पॉइंट दोन आली तर सहा-दोन, आणि माझ्या घरच्या म्हशीची पाच-आठ आली तर पाच-आठ. लोक चेष्टेने म्हणायचे, "ह्यो सासऱ्याच्या दुधालाबी पॉइंट वाढवून द्यायचा न्हाय." मला ती चेष्टा आवडायची. माझ्याकडे शेत थोडं, शिक्षण बेताचं. लोकांत उठून दिसावं असं माझ्याकडे हे एवढंच होतं.

आणि एक गोष्ट अशी होती, की जी कुणाला दिसू नये म्हणून मी जपायचो.

माझी बहीण इंदापूरला दिलेली. एकदा तिच्या विहिरीची मोटर जळाली म्हणून मेहुण्यांबरोबर ती रिवाइंडिंगला घेऊन गेलो. दुकानवाले साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. तांब्याची तार भरायला वेळ लागणार होता. मेहुणे बाजारात गेले आणि मी बाकावर बसून राहिलो. फळीवर एक लहान पुस्तक होतं, बायबलातला नवा करार. वेळ जात नव्हता म्हणून पहिलं पान उघडलं, तर नुसती नावांची यादी. ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. शेवटी लिहिलेलं की अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या कैदेपर्यंत चौदा, आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. मी सवयीने बोटं मोडत मोजलं. शेवटच्या भागात तेराच भरल्या.

"काका, हितं एक कमी पडतीय," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय कमी पडतीय?"

"पिढी."

ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि आम्ही दोघांनी परत मोजलं. मग ते मोठ्याने हसले. "इतकी वर्षं वाचतोय, पन मोजलं न्हाय कधी. तू घेऊन जा हे. फुडचंबी मोजून सांग मला."

असा मी त्या पुस्तकात शिरलो. मोजायला म्हणून शिरलो आणि पुढे मोजायचं राहून गेलं. काकांच्या घरी रविवारी चार-सहा माणसं प्रार्थनेला बसत. बहिणीकडे जातो असं सांगून मी बारामतीला येऊन इंदापूरची एसटी धरायचो. बहिणीकडे खरंच जायचो, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण बारामतीच्या स्टँडवर ओळखीचा चेहरा दिसला की मी खांबाआड उभा राहायचो. पिशवीत पुस्तक असायचं, त्याच्यावर टॉवेल, टॉवेलावर बहिणीसाठी घेतलेली भाजी. कंडक्टरने नुसतं "कुठं?" विचारलं तरी मी पिशवी पोटाशी ओढायचो.

घरी बायकोला माहीत होतं. तिने एकदाच विचारलं, "सोडून जायचा इचार हाय का काय आमाला?" मी नाही म्हणालो. "मग ठीकाय," ती म्हणाली, "पर वस्तीवर कळू देऊ नका. पोरगी हाय आपल्याला."

आईला काही कळलेलं नव्हतं. ती रोज देव्हाऱ्यात दिवा लावायची आणि माझ्या कपाळाला भंडारा लावायची. मी मान खाली घालायचो. प्रार्थना करायचो ती उसात पाणी देताना, ओठ न हलवता. असं वर्षामागून वर्ष गेलं. माझा विश्वास खरा होता असं मला आजही वाटतं, पण झाकून ठेवलेल्या रोपासारखा तो पांढुरका होता. उन्हात टिकेल का, हे मलाच माहीत नव्हतं, आणि बघायची हिंमतही नव्हती.

काकांच्या घरी एकदा शुभवर्तमानातला, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रातला, एक भाग वाचला गेला. प्रभू शिष्यांना आधी विचारतो, लोक मला कोण म्हणतात? त्याला सगळे भराभर उत्तर देतात. मग तो विचारतो, तुम्ही काय म्हणता? तेव्हा त्यांतला एकटा पेत्र बोलतो, की तू मशीहा, देवाने पाठवलेला तारणारा आहेस. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "पयल्या प्रश्नाला काय लागत न्हाय. दुसऱ्याला माणूस लागतो." मी मान डोलावली. मला वाटलं, तो प्रश्न मला कोण विचारणार आहे?

त्या वर्षीच्या थंडीत तात्यांची म्हैस व्याली. तात्या म्हणजे भावकीतले, माझ्या वडिलांच्या वयाचे, तोंडाने कडक. चिकाचे दिवस सरल्यावर त्यांचं दूध डेअरीला यायला लागलं आणि फॅट कमी लागायला लागली. आधीच्या वेताला साडेसातपर्यंत जाणारी म्हैस पाच-चारवर अडकली. तात्या रोज मशीनवर वाकून बघायचे. रोज चेहरा लाल व्हायचा.

मी एकदा हळूच विचारलं, "तात्या, शेवटचं दूध रेडकाला सोडता का? फॅट सगळी शेवटच्या धारांत असती. आधीचं दूध पातळच येतं."

"म्हंजी?" तात्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझ्या घरात धार कशी काढायची ते तू शिकवणार? तुझी म्हस काय एमे झालीय?"

रांग हसली. मीही हसलो. हसायला नको होतं.

आठ-पंधरा दिवसांत बोलणं फिरलं. तात्यांनी पारावर सांगितलं की मी त्यांच्या दुधाचे पॉइंट खाली लावतो आणि माझ्या दुधाला वर चढवतो. मग ज्याची ज्याची फॅट कधी कमी लागली होती, त्या सगळ्यांना ती आठवली. सकाळी दूध घेताना पूर्वी गप्पा चालायच्या, त्या बंद झाल्या. नमुन्याची नळी मी दुधात बुडवली की रांगेतले सगळे डोळे माझ्या बोटांवर. बोटं कापायला लागली, आणि बोटं कापतात म्हणजे चोर आहे, असंही कुणीतरी म्हणालं.

डेअरीचे चेअरमन आबा. शांत माणूस. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला.

"माझा तुझ्यावर इश्वास हाय," ते म्हणाले. "पर लोकांची तोंडं धरता येत न्हाईत. रविवारी सकाळी दूध झाल्यावर देवळाम्होरं बेल-भंडारा उचल. एक मिनिटाचं काम. तात्याबी गप, लोकबी गप."

मी चहाचा कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला.

"काय झालं?"

"काय न्हाय, आबा."

"तू काय खाल्लंय का पॉइंट?"

"न्हाय."

"मग भ्यायचं काय?"

आबांनी माझ्यावर उपकारच केले होते. खऱ्या माणसाला त्यांनी सगळ्यांत सोपी वाट काढून दिली होती. मी घरी येताना उसाच्या बांधावर बसलो आणि मनात हिशेब मांडला. मी फॅट खोटी लावली नाही, हे खरं. ताटासमोर मी बोलणार ते शब्दही खरेच. मग भंडारा हातात घेतल्याने काय बिघडणार? पण भंडारा उचलणं म्हणजे त्या देवाला साक्षीला बोलावणं, आणि तो माझा साक्षीदार आहे असं मी आता मानत नव्हतो. खरं सांगण्यासाठीच मला सगळ्यांसमोर एक खोटं करावं लागणार होतं. आणि नाही उचलला तर मी चोर. हिशेब कसाही मांडला तरी बाकी तीच उरायची.

बायको म्हणाली, "उचलून टाका. मनात काय हाय ते मनात. देव काय ताटात बघतो व्हय?"

मला तिचं बोलणं पटावं असं फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध आटोपून मी इंदापूर गाठलं. काका एका मोटरीच्या गाभ्यात तार भरत होते. हात न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, ते तरी मोकळं करतील. उचल म्हणतील, किंवा उचलू नको म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं, कारण मग ते त्यांचं झालं असतं.

"म्या सांगितलं म्हनून करू नको," ते म्हणाले. "म्या सांगितलेलं तितं देवळाम्होरं टिकायचं न्हाय. तुला इचारलंय, उत्तर तू दे."

"भ्या वाटतंय, काका."

"वाटणारच. म्या माझ्या बापाला सांगितलं तवा माझी विजार वली झाली होती." त्यांनी तार कात्रीने तोडली. "भ्या जाऊ दे असं मागू नको. भ्या आसतानाच बोलता यावं, असं माग."

परत येताना एसटीत मी तेच मागत होतो. भिगवणकडून येणारा गार वारा खिडकीतून लागत होता आणि अंगाला घाम होता.

रविवारी देवळासमोर चाळीसएक माणसं असतील. मी मोजली नाहीत, पहिल्यांदाच मोजली नाहीत. आबांनी ताट पायरीवर ठेवलं. बेलाची पानं ताजी होती, पाणी शिंपडलेलं. बायका एका बाजूला, त्यांत माझी बायको आणि आई. आईने लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. तिला काळजी नव्हती. तिचा मुलगा खरं बोलणारा होता, उचलेल आणि घरी येईल.

"ये," आबा म्हणाले.

मी ताटापर्यंत गेलो. हात आपोआप पुढे गेला होता, तो मी मागे घेतला आणि पाठीशी धरला, कारण तो मला न विचारता काहीही करेल असं वाटलं.

"आबा, मला भंडारा उचलता यायचा न्हाय."

तात्या लगेच म्हणाले, "झालं. म्या काय म्हनत होतो?"

"का?" आबांनी विचारलं.

"मी ख्रिस्ताला मानतो. तोच माझा तारणारा, असं मानतो. बरीच वर्षं झाली. दुसऱ्या देवाची आण घेतली तर ती माझ्या तोंडात खोटी व्हईल."

हे शब्द माझ्या कानावर कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडले. आवाज बारीक आणि चिरका निघाला. पण बोललो.

मागून कुणीतरी म्हणालं, "इतके दिस दुधाची फॅट काढली, आता देवाची काढतोय." हशा पिकला. तात्या हसले नाहीत. "चोरी झाकाया देव बदलला व्हय रं? लई सोयीचा गावला तुला."

आबांनी हात वर केला. ते रागावले नव्हते. त्यांनी तेव्हाही मला वाट दिली.

"बरं. मग तुझ्या देवाची आण घे. तुझं काय पुस्तक आसल ते आण, त्याच्यावर हात ठेव आन सांग. आमी मानू. काय रं, मानायचं ना?"

काही माना हलल्या.

ही वाट मी हिशेबात धरलीच नव्हती. पुस्तक घरी होतं, शंभर पावलांवर. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण त्या पुस्तकातच लिहिलं होतं, शपथ मुळीच वाहू नका. तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच असू द्या. ते पान मी पुष्कळदा वाचलेलं. न वाचलेलं असतं तर किती बरं झालं असतं.

"आबा," मी म्हणालो, "माझा प्रभू शपथ घिऊ नको म्हणतो. त्याचीबी न्हाय."

"आता गं बया," बायकांतून आवाज आला.

"फॅट मी खोटी लावलेली न्हाय. माझ्याकडं द्यायला एवढंच हाय."

आबांनी ताटावर फडकं टाकलं. "डेअरीची चावी दे."

मी कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडवू लागलो. गाठ सुटेना. सगळे बघत होते. शेवटी बायको पुढे आली, तिने गाठ सोडवली आणि चावी आबांच्या हातात दिली. ती माझ्याशी बोलली नाही. पण पुढे आली.

घरी आल्यावर आई उंबऱ्यात बसली होती.

"मग देवाला दिवा कोन लावायचं माझ्यामागं?"

"तू हायस तवर तू लाव," मी म्हणालो. "तेल मी आणून देईन. कधी कमी पडू द्यायचो न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने भंडाऱ्याचं बोट माझ्या कपाळाकडे आणलं, मध्येच थांबली आणि स्वतःच्या कपाळाला पुसलं. ती सकाळ मला देवळासमोरच्या सकाळपेक्षा जड गेली.

पुढचे दिवस भीतीचेच होते, पण ती भीती वेगळी होती. पूर्वी मला भीती वाटायची ती कुणाला कळेल याची. आता सगळ्यांना कळलं होतं. आता भीती होती ती उसाला पाणी मिळेल का, पोरीला शाळेत काय बोलतील, दळण कोण नाकारेल, याची. रस्त्याने जाताना लोक बोलणं थांबवत. एका घराने लग्नाचं बोलावणं आणलं, ते बायकोपुरतं. मी रात्रंदिवस घाबरलेलाच असायचो. तरी एक फरक पडला होता आणि तो मला उसात पाणी देताना पहिल्यांदा कळला. मी प्रार्थना करत होतो आणि ओठ हलत होते. आवाज निघत होता. शेजारच्या रानातला माणूस वळून बघत होता, तरी आवाज निघत होता. देव पूर्वी मला पुस्तकात आणि इंदापुरात भेटायचा. आता तो चिखलात, माझ्याशेजारी उभा असल्यासारखा वाटायचा. ज्याच्यासाठी मी सगळ्यांदेखत चोर ठरलो होतो, तो खरा नसता तर मला उभंच राहता आलं नसतं. हे तर्काने सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण माझ्यापुरता ताळा जमत होता. बाप्तिस्मा मी पुढे घेतला, इंदापूरजवळच्या एका तळ्यात. माझी कबुली मात्र आधीच होऊन गेली होती, असं मी धरतो.

ऊस तुटून गेल्यावर एका सकाळी आबा आमच्या अंगणात आले. बायकोने बाज टाकली. डेअरीचं काम आता त्यांचा पुतण्या बघत होता.

"पुतण्याच्या हातनंबी तात्याची फॅट पाच-चारच लागत होती," आबा म्हणाले. त्यांनी चावी काढून बाजेवर ठेवली. "संध्याकाळपासनं ये."

माझा हात चावीकडे गेला.

"एक हाय," आबा म्हणाले. "ते तुझ्या देवाचं. कुणाजवळ बोलायचं न्हाय. जे मानायचं ते घरात मान. लोक इसरतील."

हात तिथंच थांबला. बायको चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर काय लिहिलं होतं तेही वाचता येत होतं. मला वाटलं होतं, एकदा बोलल्यावर परत बोलावं लागत नाही.

"मी आपणहून कुणाला सांगत बसायचो न्हाय, आबा," मी म्हणालो. "पर कुणी इचारलं तर सांगीन."

आबा उठले, चपला घातल्या. चावी त्यांनी उचलली नाही.

"तुला इचारतंय कोन," ते म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी मी डेअरीचं दार उघडलं. रांग लागली. तात्या तिसरे होते. त्यांनी किटली पुढे केली, मी दूध ढवळलं, नळी बुडवली. मशीनवर सहा-सहा आली. मी आकडा मोठ्याने वाचला.

"सून आता शेवटच्या धारा काढती," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "रेडकाला एक सड आधीच सोडून ठेवती."

"बरं हाय," मी म्हणालो.

ते किटली घेऊन वळले, दोन पावलं गेले, आणि परत माझ्याकडे वळले. मागे रांग उभी होती. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काय रं," ते म्हणाले, "त्या दिशी बोललास ते खरंच व्हय? का डोकं फिरलं होतं?"

पुढच्या बाईची किटली माझ्या हातात होती आणि दूध काठाशी हलत होतं. मी ती खाली ठेवली, सांडू नये म्हणून.

"खरं हाय, तात्या," मी म्हणालो. आवाज याही वेळी बारीकच निघाला.